कुंकू लागलेल्या तबकड्या

लग्नाची सुपारी आली ती मोबाईलवर, आणि तीसुद्धा नातीच्या तोंडून. पूर्वी सुपारी म्हणजे खरीच सुपारी असायची. लग्नघरचा माणूस पानाचा विडा घेऊन आधी वाजंत्र्याकडं जायचा, मग आचाऱ्याकडं, आणि मग परंड्याला भोंगेवाल्या महारुद्र आबांच्या ओट्यावर येऊन बसायचा. भोंग्याशिवाय लग्न लागलं तरी ते लागल्यासारखं कुणाला वाटायचं नाही. शेजारच्या गावाला ऐकू गेलं पाहिजे, तर ते लग्न.

तो जमाना गेला. गाण्याच्या तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या. कॅसेटीही गेल्या आणि त्यांच्या फिती लोकांनी पाखरं हाकायला ज्वारीच्या रानात ताणल्या. मग आला तो डीजे. त्याच्यापुढं नवरदेवाची आजी कानात कापूस घालून बसते तरी तिच्या छातीत धडधडतं. त्याच्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. महारुद्र आबांनी कॅसेटी आल्या त्याच सुमाराला तबकड्यांची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली, पिठाची गिरणी घातली, आणि गाण्याचं नाव काढलं की ते विषय बदलायला लागले.

म्हणून शिवांजलीचा, म्हणजे आबांच्या मुलाच्या, कुलदीपच्या लेकीचा, पुण्याहून फोन आला तेव्हा आबांना ती थट्टाच वाटली.

"आबा, माझी मैत्रीण आहे ना ऑफिसातली, क्षमा, भूमची. तिचं लग्न आहे. तिला डीजे नकोय. तबकड्या पाहिजेत. तुम्ही वाजवाल?"

"तबकड्या कोण ऐकतंय आता?"

"पुण्यात या बघायला. पोरं रांग लावून विकत घेतात. नव्या निघतात, नव्या. आमचा ग्रुप दर रविवारी एका ठिकाणी बसतो. मोबाईल उपडे ठेवायचे आणि एक बाजू पूर्ण ऐकायची. मध्ये बोलायचं नाही."

"अगं, मोबाईलात समदं फुकट मिळतंय की."

"म्हणूनच तर. फुकट मिळतं म्हणून पुरं कुणी ऐकत नाही. अर्धं ऐकायचं आणि पुढं सरकवायचं."

आबा गप्प झाले. तुळजाबाई, त्यांची बायको, भाकरी थापता थापता हे सगळं ऐकत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार त्यांना पाठ झाले होते. हे गप्प बसणं त्यातलं नव्हतं. थोड्या वेळानं आबांनी आरसा मागितला आणि सकाळी केलेली दाढी परत केली.

दुसऱ्या दिवशी जुनं अॅम्प्लिफायर खाली उतरलं. ब्रशनं धूळ झटकली गेली, वायरी तपासल्या गेल्या, कर्ण्याला रंगाचा हात बसला. "म्हातारा नवरदेव झालाय," कुलदीप गिरणीवर गिऱ्हाइकांना सांगायचा. पेटीला मात्र आबांनी हात लावला नाही. ती शिवांजली आल्यावर उघडायची होती, तिच्यादेखत.

तुळजाबाई बोलल्या नाहीत, पण घरात सगळ्यांत जास्त खूश त्याच होत्या. त्याला कारण होतं. पेटी माळ्यावर गेली त्या पहिल्याच खंडेनवमीला आबा गिरणीची पूजा करायला निघून गेले होते. जात्याला हार घातला, पट्ट्याला कुंकू लावलं, मोटारीपुढं नारळ फोडला. माळ्यावरची पेटी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. तुळजाबाईंना ते काही बरं वाटेना. ज्यानं घर चालवलं, पोराच्या शाळेचं भागवलं, त्याला सणाच्या दिवशी अंधारात उपाशी ठेवायचं? त्यांनी स्टूल लावून पेटी उतरवली, एकेक तबकडी कव्हरातून काढून पाटावर मांडली आणि हळदकुंकू लावलं. तेव्हापासून एक खंडेनवमी चुकली नाही. आबा गिरणीवर, तुळजाबाई पेटीपाशी. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? दिवा लावतो ते का कुणाला सांगत बसतो आपण?

आता मात्र सांगायची वेळ आली होती, आणि आपलं कौतुक होणार याची त्यांना खात्री होती.

शनिवारी शिवांजली आली. बरोबर तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेलं तबकड्यांचं मशीन आणलं होतं, छोट्या सुटकेसएवढं.

"हे काय गं, जेवणाचा डबा?" आबांनी विचारलं. पण मग सुई डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "पिन मातूर चांगलीय."

पेटी उघडली. कापराचा वास आला. आबांनी वरची सनईची तबकडी घेतली, कव्हरातून अलगद बाहेर सरकवली, आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

काळ्या तबकडीवर, ऐन खाचांवर, हळदकुंकवाची बोटं उमटलेली होती. एका सालावर दुसरं साल चढून, वाळून दगड झालेली. आबांनी उलटून बघितलं. मागंही तेच. दुसरी काढली, तिसरी काढली. मग एक मशीनवर चढवून सुई ठेवली. खर्रकन आवाज झाला, सुई उडाली, पुढं जाऊन अडकली आणि एकच एक शब्द दळायला लागली.

"हे कुणी केलं?"

तुळजाबाई अजून कौतुकाच्याच तयारीत होत्या. "म्या केलं. दर खंडेनवमीला. तुमी गिरणीवर असायचे. दोनी बाजूंना लावत हुते, येकीला लावून दुसरीला कसं सोडायचं?"

"खाचांवर लावलंस?"

"मग? मदल्या कागदावर लावलं असतं तर वल्या बोटानं अक्षरं गेली असती. कागद जपला म्या."

आबांनी त्यांच्याकडं बघितलं. "गाणं काळ्यात असतंय, तुळजे. कागदात न्हाय."

करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या घरात तबकडीला हात लावायची कुणाला मुभा नव्हती, बायकोला तर नव्हतीच. गाणं त्या काळ्या ताटलीत नेमकं कुठं बसलेलं असतं हे तुळजाबाईंना कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या कामातलं विचारायचं नसतं, अशीच त्यांना शिकवण.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. तबकडी कव्हरात घातली, पेटीचं झाकण लावलं, नातीला म्हणाले, "क्षमाला कळव. दुसरं काय तरी बगा म्हणावं." आणि काही काम नसताना गिरणीकडं निघून गेले. चालताना ते पाय ओढत होते. गेले काही दिवस ते ओढत नव्हते, हे तुळजाबाईंना तेव्हा कळलं.

नवऱ्याचं काम काळानं नेलं तेव्हा त्या काही करू शकल्या नव्हत्या. आता ते परत आलं होतं, दारापर्यंत, आणि त्यांनीच त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. तेही पूजा करून. देवाला तरी काय म्हणायचं?

शिवांजलीनं क्षमाला फोन केला नाही. ती मोबाईलवर काहीतरी शोधत बसली आणि सकाळी आजीजवळ येऊन म्हणाली, "आजी, पाण्यानं पुसायचं नाही, घाण आणखी आत जाते. पण एक उपाय आहे. सुताराचा पांढरा गोंद. फेविकॉल. तबकडीवर जाड थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि सोलून काढायचा. खाचांतलं सगळं त्याच्याबरोबर निघून येतं. परदेशातसुद्धा लोक असंच करतात."

ओट्यावर पाठ करून बसलेल्या आबांना हे ऐकू गेलं. "कुंकवानं भागलं न्हाय, आता गोंद," ते भिंतीला म्हणाले.

"बिगडवलंय तर म्याच," तुळजाबाई म्हणाल्या. "आता आनखी काय बिगडायचंय?"

गोंदाचा डबा आणला. तुळजाबाईंनी सनईचीच तबकडी पुढं घेतली. शिवांजली करू का म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही. धिरडं घालतात तसा गोंद गोल गोल सोडत आणला, मधला कागद आणि कडेची रेघ तेवढी कोरडी राखली, बोटानं सारखा केला. मग रोजच्या सवयीनं, पापड ठेवावेत तशी तबकडी उचलून त्या अंगणात उन्हाकडं निघाल्या.

"उन्हात ठिऊ नको."

आबा वळलेही नव्हते, पण त्यांना सगळं दिसत होतं.

"वाकंल ती. सावलीत ठिव, पंख्याखाली."

कालपासून बायकोशी बोललेले त्यांचे हे पहिले शब्द. तुळजाबाईंनी खाटेवर ठेवली. आबा उठून आले, म्हणाले खाट झोळ खातीय, सपाट पाहिजे, आणि स्वतः पाट आणून मांडला. मग पुन्हा ओट्यावर जाऊन बसले, पण या वेळी तोंड घराकडं करून.

गोंद पांढराशुभ्र होता तोवर खालचं काही दिसत नव्हतं. दुपार चढली तसा तो वाळत गेला, काचेसारखा झाला, आणि कुंकवाची बोटं जिथल्या तिथं पुन्हा वर दिसायला लागली. हे काही निघत नाही, तुळजाबाईंना वाटलं. हे आता आपल्याबरोबरच जाणार.

उन्हं कलल्यावर शिवांजलीनं कड सोलायला घेतली. तिच्या नखांवर नुकताच रंग लावलेला, कड काही हाताला लागेना.

"सरक," आबा म्हणाले. मांडी घालून बसले, अंगठ्याच्या नखानं गोंदाची कड उकलली आणि हळूच ओढली. चर्र असा बारीक आवाज करत पापुद्रा सुटत आला. कुठं फाटला नाही. अख्खाच्या अख्खा हातात आला, आणि त्याच्याबरोबर आली तुळजाबाईंची बोटं, लाल आणि पिवळी, एकावर एक. खालची तबकडी काळीभोर, नवी असताना होती तशी.

आबांनी ती मशीनवर ठेवली. सुई टेकली, जराशी खरखर झाली, आणि सनई लागली. मध्येच कुठंतरी टक् असा आवाज यायचा, तेवढा एक डाग राहिला होता. पण सनई होती, पुरी होती, आणि तुळजाबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या. रडायचं काय त्यात, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

बाजू संपेपर्यंत आबा तो पापुद्रा उजेडाकडं धरून बघत होते.

"कवापासनं करतीस हे?"

"पेटी वर टाकली तवापासनं."

"काम तर बंद झालं हुतं."

"मला कुठं कुणी सांगितलं बंद झालं म्हणून? तुमी पेटी वर ठिवली, येवढंच बगितलं म्या. मला वाटलं, काडतील कवातरी. मग ती काय पारोशी काडायची?"

आबांनी पापुद्रा अलगद पाटावर ठेवला. एका माणसानं हाय खाल्ली होती आणि त्याच घरात दुसरं माणूस वाट बघत बसलं होतं, आणि दोघं रोज एका ताटलीतली चटणी वाढून घेत होते. "बस इथं," ते शेवटी म्हणाले. "पुडचीवर गोंद वत. आन ही अशी धर, कडंनं, दोनी तळव्यांत. काळ्याला बोट लागू द्यायचं न्हाय." मग त्यांनी तिला दाखवलं की त्या अनेक खाचा नसतात. बाहेरून आत जाणारी ती एकच लांब खाच असते, गोगलगाईच्या शंखासारखी, आणि सुई तिच्यातून चालत चालत मध्यापर्यंत येते. तुळजाबाईंनी नीट समजून घेतलं. हे लग्न झालं त्या सालीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं, पण आज त्या काही बोलणार नव्हत्या.

पुढचे काही दिवस घरभर गोंदाचा वास. सगळं काही वाचलं असं नाही. काही तबकड्या गेल्याच. हळदीच्या कणांनी खाच खाल्ली होती, सुई एका जागी यायची आणि तिथंच अडून बसायची. एक तर आबांच्या फार लाडकी गौळण होती. ती त्यांनी तीनतीनदा लावून बघितली, मग गुमान कव्हरात घालून बाजूला ठेवली. त्या दिवशी तुळजाबाईंनी त्यांच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केली. दुसरं काय करणार?

लग्नाच्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची जीप दारात आली. कुलदीप चालवणार होता. पेटी, कर्णा, अॅम्प्लिफायर चढलं. आबा इस्त्रीच्या शर्टात बूट घालत होते आणि बूट घालता घालताच म्हणाले, "तू बी चल."

तुळजाबाईंना आधी कळलंच नाही. कामावर गेलेल्या भोंगेवाल्याच्या मागं त्याची बायको कधी जात नसे. गेली तर जेवायला आली म्हणतात. त्यामुळं नवऱ्याला त्यांनी कामावर असा कधी बघितलाच नव्हता. परंड्यातच लग्न असलं तर त्या माळवदावर जाऊन उभ्या राहायच्या. लांबून भोंगा ऐकू आला की समजायचं, सगळं ठीक चाललंय, आणि खाली येऊन चुलीला लागायचं.

"आजी, क्षमानं तुम्हाला वेगळं बोलावणं केलंय," शिवांजली म्हणाली. "तुम्ही पाहुण्या आहात." तुळजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसायला इतका वेळ लावला की कुलदीपनं दोनदा हॉर्न वाजवला.

भूमला मांडवाच्या दारातच क्षमाचे वडील, प्रेमानंद गुरुजी, पुढं आले. "आबा, माझ्या बी लग्नात तुमचाच भोंगा हुता," ते म्हणाले. "क्षमाला म्या सांगितलं तर तिला खरं वाटंना." त्यांनी तुळजाबाईंना नेऊन आपल्या आईजवळ, पुतळाबाईंजवळ, बायकांच्या पहिल्या रांगेत बसवलं. एका कोपऱ्यात टेबलावर आबांनी मशीन मांडलं. पहिली सनई लागली.

आणि कुणी ऐकलं नाही.

तुळजाबाई बघतच राहिल्या. बायका एकमेकींच्या साड्यांचे काठ चिमटीत धरून बघत होत्या. पुरुष पाऊसपाण्याचं आणि बदल्यांचं बोलत होते. पोरं खुर्च्यांखालून पळत होती. नवरदेवाचा मावसभाऊ, उत्कर्ष नावाचा, मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. "डीजे कधी येणारंय?" त्यानं डोकं वर न करता कुणाला तरी विचारलं. तुळजाबाईंच्या जिवाला ते लागलं. एवढा गोंद, एवढे दिवस, एवढी उस्तवार, आणि ही माणसं ऐकेनात. आपल्या पोराला कुणी मुद्दाम डावलावं तसं त्यांना झालं. त्यांनी धसकून आबांकडं बघितलं. आबांचं मात्र लोकांकडं लक्षच नव्हतं. ते सुईकडं बघत होते, किंचित वाकून, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे.

एका सनईमागून दुसरी झाली, तिसरी झाली. आणि तबकडीची बाजू संपली.

आवाज थांबला तसा मांडव गप्प झाला. आधी पुढची रांग, मग मागची. बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडून थांबली. साडीचा काठ धरलेला हात तसाच राहिला. उत्कर्षनं मोबाईलमधून डोकं वर काढलं.

"काय झालं? का बंद पडलं?" पुतळाबाई म्हणाल्या. "चांगलं चाललं हुतं की."

म्हणजे ऐकत होते तर. सगळे ऐकत होते, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. आणि आता तो अख्खा मांडव मान वळवून कोपऱ्यातल्या टेबलाकडं, तुळजाबाईंच्या नवऱ्याकडं बघत होता.

आबांनी घाई केली नाही. सुई उचलून बाजूला ठेवली. दोन्ही तळव्यांत कडेनं धरून तबकडी उचलली, मऊ ब्रश एकदा फिरवला, उजेडात तिरपी धरून बघितली, उलटली, ठेवली. घरात कप ठेवताना चहा बशीत सांडवणारा हाच तो हात. आता त्याला कसला म्हणून कंप नव्हता. सुई टेकली. खरखर झाली. सनई लागली, आणि मांडवभर माणसांनी सुटल्यासारखा श्वास घेतला आणि ती पुन्हा बोलायला लागली, पण आता जरा हळू.

थोड्या वेळानं उत्कर्ष उठून टेबलाशी गेला आणि हात मागं बांधून सुई बघत उभा राहिला. त्यानं काहीतरी विचारलं, आबांनी काहीतरी दाखवलं. जेवणं उरकल्यावर कळंबचे एक पाहुणे आबांना बाजूला घेऊन वैशाखातली तारीख मोकळी आहे का म्हणून विचारत होते, आणि आबा, ज्यांच्या सगळ्या तारखा मोकळ्या होत्या, ते विचार केल्यासारखं करून म्हणाले, "बगून सांगतो."

परतताना ऊन उतरलं होतं. मधल्या सीटवर आजीजवळ बसलेल्या शिवांजलीनं विचारलं, "आजी, कोणतं गाणं सगळ्यात आवडलं?"

तुळजाबाईंनी आठवून बघितलं. एकही गाणं आठवेना. ज्या गाण्यांसाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता, त्यांतलं एक कडवं म्हणून सांगता येईना. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"गाणं कुठलं ऐकतीय म्या," त्या म्हणाल्या. "म्या तुज्या आबाकडं बगत हुते."

पुढच्या सीटवर आबांनी घसा खाकरला. "सावकाश घे," ते कुलदीपला म्हणाले. "पेटी हादरतीय मागं."

रस्ता नवा डांबरी होता आणि पेटी अजिबात हादरत नव्हती.